घोडेमोडच्या चढाचा टायर

"मालनेऽ, बाप आला बघ तुझा! परत आलाय, चाकं बदलून!"

आत्याबाईंचा हा आवाज ऐकून आता किती वर्षं झाली. अजूनही कुठं चढावर एखादी जड गाडी कण्हायला लागली की तो पहिल्यांदा कानात येतो, गाडीचा आवाज त्याच्या मागून. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा गळा असा की अंगणातून हाळी दिली तर खालच्या ओढ्यावर पाणी पिणाऱ्या म्हशी माना वर करायच्या.

मी चुलीपुढून उठले, हात पदराला पुसले आणि तांब्या भरून घेतला. आबा पाणी पिणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी तांब्या न्यायचा असतो. लेकीच्या पोटी पोर जन्मेपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, अन्नाला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आणि ज्या घरचं पाणी चालत नाही तिथं उगाच जाऊन बसायचं नाही, ही त्या रीतीची धाकटी बहीण. काही काम असलं तर बापानं जावं, काम सांगावं, उठावं.

आबा अंगणात उभा होता आणि त्याच्यामागं धापा टाकत रेडा उभा होता.

रेडा म्हणजे आबाची गाडी. आबा, भरमू गावडे, फौजेत ड्रायव्हर होता. हवालदार होऊन घरी आला तो गुडघ्यात लोखंडाची पट्टी घेऊन. आणि नंतर फौजेच्या लिलावातून ही गाडी घेऊन आला. हिरवी, चौकोनी, चारी चाकांनी ओढणारी. गावात पहिल्यांदा आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "ही मोटार न्हवं, रेडा हाय." तेच नाव पडलं.

"बस की आबा," मी म्हटलं.

"बरी हाईस न्हवं?"

"व्हय."

झालं. लेकीशी बोलणं संपलं. आबा माझ्या सासऱ्यांकडं वळला. "पाव्हणं, या खेपंला सहाशे-सोळाचा टायर घातलाय. जरा बघा बरं."

मामंजी, सटुप्पा नाईक, तंबाखू मळत जोत्यावरून उठले. त्यांनी जन्मात मोटार चालवली नव्हती. पण तरुणपणी बैलगाड्यांची चाकं करायचे. पंचक्रोशीत त्यांच्या हातची धाव, चाकावरची लोखंडी पट्टी, ढिली पडली असं कुणी म्हटलेलं नाही. चाक म्हटलं की त्यांना मत असायचंच. ते रेड्याच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले, टायरवरून हात फिरवला, थुंकले, मान हलवली.

"बारीक वाटतंय पाव्हणं."

"बारीकच पायजे. रुंद टायर चिखलावर पसरतो आनि घसरतो. बारीक टायर चिखल कापतो, खालच्या जांभ्याला धरतो."

"धरंल की. पण उंची गेली न्हवं? दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा तुमच्या गाडीच्या पोटाला लागंल. पोटाखाली चाकांच्या मधी त्यो लोखंडी गोळा हाय, त्यो फुटंल."

"हां," आबा म्हणाला. "ते हाय खरं."

"बदला."

"बदलतो."

आणि ते दोघं म्हातारे चाकापाशी बसून बोलत राहिले. मी तांब्या धरून उभी. निघताना आबानं माझ्या हातातला तांब्या घेतला, बॉनेट उघडलं आणि सगळं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं.

"त्याला चालतं," तो म्हणाला. "त्याचं काय नातं न्हाई."

रेडा खाली गेला. आत्याबाई जात्यावर बसल्या. गिरणी होती ती चढाखाली, माथेवाडीत अजून जातीच फिरत होती. आत्याबाईंना मनातलं तोंडावर बोलता यायचंच, पण त्यातलं निवडक त्या ओवीत घालायच्या:

*दारी आला व्याही, न्हाई पाण्याला शिवत*
*रेड्याचे खूर बाई, बसला मातीत मोजत*

"कळलं का गं?" त्या जातं थांबवून म्हणाल्या. "तुझा बाप लेकीला बघाया येतो का चाकांला?"

मी पीठ भरून घेतलं.

खरं तर हे सगळं चाललं होतं ते माझ्यासाठीच, निदान सांगायला तसं होतं. चैत्रात माझं लग्न झालं. नवरा गोव्याला खाणीत, तो गणपतीलाच येणार. आणि त्याच्या आधी यायची नागपंचमी. लग्नानंतरची पहिली पंचमी पोरीनं माहेरी करायची, झोके घ्यायचे, वारुळाला जायचं. पण जायचं म्हणजे न्यायला माहेरचा मुराळी यायला हवा. ज्या पोरीला भाऊ आहे तिचा भाऊ येतो. मला भाऊ नव्हता. चुलते-मावसे होते, पण आबानं लग्नाच्या मांडवातच सांगून टाकलं होतं, "मुराळी मीच जानार. दुसरं कोन न्हाई."

आणि आत्याबाईंनी त्याच मांडवात उत्तर दिलं होतं, "येवा की. पण मुराळी उंबऱ्याला आल्याबगर आमी सून धाडत न्हाई. खालनं हाळी मारलेली चालत न्हाई."

आता माथेवाडीचा उंबरा म्हणजे घोडेमोडचा चढ. नावातच काय ते आलं. उन्हाळ्यात बैलगाडी कशीबशी यायची. श्रावणात तांबडा चिखल असा व्हायचा की शेळ्यासुद्धा विचार करून पाय टाकायच्या. तरणी माणसं काठी टेकत चढत. पण आबाचा गुडघा सपाटीला चालायचा, चढाला वळायचा नाही. तेव्हा रेडा चढला तर मुराळी आला, आणि रेडा अडला तर माझी पहिली पंचमी आत्याबाईंच्या जात्यापुढं. म्हणून टायर.

रेडा लिलावातून आला तेव्हा त्याला फौजेचेच टायर होते, सातशे-सोळा. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी सांगतो, सातशे म्हणजे सात इंच, आणि सोळा हे आतल्या लोखंडी रिमचं माप, तेही इंचातच. रुंदी वाढली की टायर उंचही होतो. एवढं मला त्या उन्हाळ्यात पाठ झालं. नवीन सुना सासरच्या देवांची नावं पाठ करतात, मी हे करत होते.

वैशाखात आबा पहिल्यांदा आला तो त्याच सातशे-सोळावर, भुर्रकन चढून. मामंजींनी चाकाला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "आता ठीक हाय. पण पावसात? मला काय खरं वाटत न्हाई, पाव्हणं."

आबाचा चेहरा क्षणभर कसा तरी झाला. मग तो हळूच म्हणाला, "मग बदलून बघू म्हनता?"

"बघा की बदलून."

तिथून हे सुरू झालं. गडहिंग्लजला दस्तगीर म्हणून टायरवाला होता, आबाचा जुना दोस्त. त्याच्या दुकानातले वापरलेले टायर आबा घालून आणायचा, चढायचा, मामंजींना दाखवायचा, नापास होऊन उतरायचा. सहाशे-सोळा झाला. मग एकदा कसला तरी रुंद टायर आला, मडगार्डच्या बाहेर ढेरी काढून बसलेला. मामंजी म्हणाले, "म्हशीनं चिखलात बसकन मारावी तसं करंल ह्यो." मग सातशे-सोळाच, पण खाचा वेगळ्या. "खाचा बारीक हाईत, चिखल भरून गुळगुळीत हुतील." दर वेळी आबा म्हणायचा "ते हाय खरं," आणि दर वेळी मामंजी म्हणायचे "बदला."

मध्येच एकदा आबा काठी घेऊन चढाच्या चाकोऱ्या मोजत बसला. इथं वीतभर, तिथं दीड वीत. खालच्या वस्तीत बातमी उठली की रस्त्याचा सरकारी मोजणीवाला आलाय. लोक धावत आले. एकजण आबाला म्हणाला, "सायेब, रस्ता जरा आमच्या गोठ्याकडनं वळवा." दुसरा म्हणाला, "त्याच्या गोठ्याकडनं गेला तर मी आडवा पडतो." आबानं त्यांना समजावलं की मी साहेब नाही, मी नायकांच्या सुनेचा बाप, मी टायरसाठी मोजतोय. कुणाचाच विश्वास बसला नाही. टायरसाठी कुणी डोंगर मोजतं का? ते दोघं पुढं गणपतीपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते.

हे ऐकून आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. पण मग घरामागच्या परड्यात गेले आणि फणसाखाली बसून रडले. कारण आबा त्या दिवशीही आला होता, आणि माझ्याशी तेवढंच बोलला होता. बरी हाईस न्हवं. व्हय. मी बारीक झाले का, मला झोप लागते का, घरची कपिला गाय व्याली का, आई माझी आठवण काढते का, काही नाही. सातशे, सहाशे, खाचा, गोळा. मी मनात ओवी रचली, आत्याबाईंच्याच चालीवर:

*बापाच्या बोलन्यात, खाचखळगा सारा आला*
*लेकीचा गाव बाई, कुन्या वळनाला ऱ्हायला*

रडताना मान वर केली तर परड्याच्या कुडापलीकडं मामंजी उभे. हातात विळा, गवताला निघालेले. ते खाकरले, आणि आल्या वाटेनं परत गेले.

मला मामंजींचा रागच यायला लागला होता. माणसानं किती खोड्या काढाव्यात? पंचमी जवळ येत चाललेली, आणि ह्यांना एक टायर पसंत पडेना. आषाढात आबा आला तेव्हा मी दाराआड कान देऊन होते. रेडा त्या दिवशी पुन्हा आपल्या मूळच्या सातशे-सोळावर आला होता. मडगार्डपर्यंत चिखल, पण कुठंही न अडता.

"आता काय म्हनता, पाव्हणं?" आबा म्हणाला.

मामंजी बराच वेळ चाकापाशी बसले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मान खाजवली. त्यांना काहीच सुचत नाहीये, हे मला दाराआडून दिसत होतं.

"साडेसातशे घाला," ते एकदम म्हणाले.

"साडेसातशे-सोळा?"

"व्हय. उंच बी हुईल, रुंद बी हुईल. ह्योच शेवटचा. पंचमीला साडेसातशेवर या."

आबा काहीतरी बोलणार होता. ओठ हलले. पण मामंजी मुलाकडचे. मुलाकडच्यानं दहा माणसांदेखत नव्हे, दोघांत जरी शब्द टाकला तरी तो मुलीच्या बापाला मोडता येत नाही.

"बरं," आबा म्हणाला. "तुमी म्हनता तर साडेसातशे."

मग पावसाची झड लागली. मुराळी चार दिवस आधी यायचा असतो. वाडीतल्या सुना एकेक करत भावांच्या पाठीमागं इरलं घेऊन उतरून गेल्या. मी दारात बसून त्यांच्या पाठी बघायची. आत्याबाई माझ्यापुढं जास्तीचा भात वाढायच्या.

पंचमीच्या सकाळी झड उघडली. आत्याबाईंनी जोत्याच्या भिंतीवर नाग काढला, दूध-लाह्या दाखवल्या. त्या दिवशी आमच्याकडं काही कापायचं नाही, चिरायचं नाही, जमीन खणायची नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. सगळी हत्यारं आडोशाला. आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या, आणि अचानक ओवी म्हणू लागल्या:

*पंचमीच्या दिशी, सासू बघती वाटंला*
*सुनंचा मुराळी, कसा चढंल घाटाला*

मी चमकून त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी तोंड फिरवलं. "बघतीस काय? दूध उतू जाईल."

तेवढ्यात खालून आवाज आला. रेडा. घोडेमोडच्या तळाशी एकदा थांबला, गिअर बदलला आणि लागला. आम्ही तिघंही अंगणाच्या कडेला. झाडीतून त्याचं हिरवं कपाळ दिसायचं, लपायचं, पुन्हा वरच्या अंगाला दिसायचं. चढतोय. चिखल उडतोय. चढतोय.

आणि विळ्याच्या वळणावर थांबला.

ते वळण घराच्या अगदी खाली, विळ्यासारखंच वाकडं. तिथं स्टिअरिंग पुरं फिरवावं लागतं. आबानं फिरवलं, आणि रबर पत्र्याला घासल्याचा असा करकर आवाज आला की आमच्या म्हशीनं दावं तोडलं. आबानं गाडी मागं घेतली, पुन्हा फिरवलं, पुन्हा करकर. टायर मडगार्डच्या आत मावत नव्हता. सरळ जायला साडेसातशे उत्तम होता. वळायला त्याला जागाच नव्हती.

आम्ही धावत खाली गेलो. आबा गाडीतून उतरून एका हातानं दार धरून उभा. डोक्याला फेटा बांधून आला होता, मुराळ्याचा. फेट्यावर चिखल.

"घासतंय," तो म्हणाला.

"दिसतंय," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजी चाकाकडं बघत उभे. मग म्हणाले, "कोयत्यानं ह्यो पत्रा कापतो."

"आज कापायचं न्हाई!" आत्याबाई कडाडल्या.

"मग कुदळीनं कडंची दरड जरा खनतो, वळन मोठं हुईल."

"आज खनायचं न्हाई!"

आबा म्हणाला, "इहीणबाई, मग… एवढं उंबऱ्याजवळ आलोय. इथनंच नेली तर?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. घर तिथून दिसत होतं. भिंतीवरचा नागसुद्धा दिसला असता. पण ती उभी निसरडी पायवाट आबाच्या गुडघ्याला डोंगर होती. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर झालं असतं.

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "पयली पंचमी हाय तिची. उंबऱ्यावरनंच जानार."

आणि तरातरा वर गेल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासू ती सासूच, असं मी मनात म्हणत होते, तोवर आत्याबाई परत येताना दिसल्या. पदर खोचलेला, आणि खांद्यावर मुसळ.

"बाजूला व्हा."

"अगं, आज कांडायचं बी न्हाई," मामंजी चाचरत म्हणाले.

"धान कांडायचं न्हाई. पत्रा कांडाय कुनी बंदी केली न्हाई."

आणि त्यांनी फौजेच्या गाडीच्या मडगार्डवर आतून मुसळ घातलं. धाड! आबानं डोळे मिटले. धाड! धाड! पोह्याला घालावेत तसे त्या मापात घाव घालत होत्या, मध्ये एक हुंकार, मग घाव. पत्रा वाकत वाकत वर गेला आणि एका बाजूनं कान टवकारल्यासारखा उभा राहिला. मग दुसऱ्या बाजूनं. त्या दिवशी आत्याबाईंनी रीत वाकवली नाही. पत्रा वाकवला.

आबा गाडीत बसला, स्टिअरिंग पुरं फिरवलं. करकर झाली नाही. रेडा, दोन्ही कान वर करून, आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. आबानं उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला, मला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. मुराळी आला. मला रडू आणि हसू एकदम येत होतं, आणि वाडीतल्या उरलेल्या म्हाताऱ्या अंगणाच्या कडेनं टाळ्या वाजवत होत्या.

आत्याबाई मुसळ टेकून धापा टाकत मामंजींना म्हणाल्या, "ह्यो साडेसातशे कुनाच्या डोक्यातनं निघाला?"

मामंजी तंबाखूची चंची उघडून बसले. वर बघेनात.

"मी म्हटलं. पाव्हणं, खरं सांगू? तुमचं पयलंच चाक बरोबर हुतं. वैशाखातलं. मला हात लावल्या लावल्या कळलं हुतं."

"मग?" आत्याबाई म्हणाल्या.

"मग काय? बरोबर हाय म्हटलं आसतं तर पाव्हणं पंचमीपतुर आलंच नसतं. काम काय सांगून येनार? पोरगी…" ते थांबले. "परड्यात फनस हाय आपला. तिथं जाऊन बसायची. म्हनून खोड्या काढत ऱ्हायलो. शेवटाला खोड्या संपल्या. म्हटलं, साडेसातशे सांगावा. पाव्हणं म्हनतील, बसत न्हाई, आनि परत एक खेप करतील. ह्यांनी खरंच घातला की!"

"तुमी मुलाकडलं," आबा म्हणाला. "शब्द कसा मोडू?"

"पन घासंल हे तुमाला कळलं न्हाई?" मामंजींनी विचारलं.

"कळलं हुतं."

"आनि पयलं बरोबर हुतं, ते?"

आबा टायरकडं बघत राहिला. बुटाच्या टोकानं त्यानं खाचेतला चिखल काढला. फेटा सारखा केला.

"ते बी म्हाईत हुतं," तो म्हणाला.

आत्याबाईंनी एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा व्याह्याकडं, आणि मुसळ भिंतीला लावलं. "दोन थेरडी," त्या म्हणाल्या, "आनि मी आपली दळत ऱ्हायली." मग तांब्या भरून आणला, आबापुढं केला नाही, स्वतःच बॉनेट उघडायला लागल्या. त्यांना ते उघडता येईना. आबानं उघडून दिलं.

आम्ही निघालो. मी पुढं, आबाच्या शेजारी, मांडीवर आत्याबाईंनी बांधून दिलेल्या लाह्यांची गाठोडी. चढापेक्षा उतार वाईट असतो. आबा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होता.

"पयल्या गिअरमधी उतरायचं," तो समोर बघत म्हणाला. "ब्रेकला पाय लावायचा न्हाई. लावला की चाक धरतंय आनि गाडी घसरती."

"व्हय."

"टायर उंच हाय, त्यामुळं पयला गिअर बी पळतोय जरा. सातशे असता तर…"

"आबा," मी म्हटलं, "वैशाखापासनं तुला म्हाईत हुतं. मग दर खेपंला माझ्याशी एक शब्द न्हाई. नुसतं बरी हाईस न्हवं. आनि मग टायर."

आबानं स्टिअरिंग फिरवलं. विळ्याचं वळण गेलं. खालच्या वस्तीतल्या गोठ्यांपाशी दोन माणसं दोन बाजूंना तोंडं करून उभी होती, त्यांनी गाडीला हात केला. आबानं केला नाही. तळाशी सपाटी आली, तेव्हा त्यानं गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. इंजिनाचा आवाज गेल्यावर ओढ्याचा आवाज आला.

त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला.

"इचारलं आसतं तर तू खरं काय ते सांगितलं आसतंस," तो म्हणाला. "आनि मग मला तुला तिथं ठेवून एकटं उतरायला जमलं नसतं. करमत न्हाई गं मालन, तू गेल्यापासनं घरात."